करंजपाड्याचा ओहळ

तुरुंगातून,
९ ऑगस्ट २०२३

ताय,

हे पत्र पोस्टाने धाडत नाय. पोस्टाचं इथे आधी वाचतात, मग पुढे सोडतात. माझ्या बरॅकमधला कसाऱ्याचा एक माणूस आज जामिनावर सुटतोय. तो करंजपाड्यात येऊन तुझ्याच हातात देईल. वाचलंस का चुलीत टाक.

पोलिसांना मी काय बोललो नाय. पण तुला सांगतो. तू तेव्हा शाळेत पोरांचं जेवण वाढत होतीस, वर रस्त्याच्या मोरीवर काय झालं ते तू बघितलं नाय.

लावणी चालू होती. मी, आपला चुलतभाऊ विठू आणि आठ-दहा माणसं खालच्या खाचरात चिखलात उभी. शाळेची मधली सुट्टी झालेली. पोरांचा गलका रोजचाच, म्हणून आधी कोणी मान वर केली नाय. मग आवाज बदलला. डुकराला धरल्यावर ते ओरडतं ना, तसा. मी धावलो. पोरं ताटं टाकून ओहळातून बाहेर पडत होती. नेहा काठावर बसून पायाची कातडी ओढत होती, मोजा काढावा तशी. शेजारचा प्रणय डोळे चोळत होता, आणि जितके चोळी तितका जास्त ओरडे. पाण्यावर पिवळा फेस. वास असा का नाकात सुई घातल्यागत.

पोरीला तिच्या आयच्या, मीनाच्या हातात दिलं आणि फावडं घेऊन काठाकाठाने वर पळालो. रस्त्याच्या मोरीवर टँकर उभा, पाइप ओहळात सोडलेला, अजून चालू. डायवर सावलीत बसून डबा खात होता. डबा खात होता गो! मी बोललो, "बंद कर." तो बोलला, "पाच मिनिटं राहिली, दादा."

मी मारलं. पहिला दांडा खांद्यावर. तो आडवा झाला. मग पातं, गुडघ्याखाली. एकदा नाय. हाड गेल्याचं मला हाताला कळलं, ओला बांबू फोडताना कळतं तसं, तरी थांबलो नाय. विठूने मागून कमरेला मिठी घातली तेव्हा हात थांबला.

मला वाईट वाटत नाय. तीनशे सात लावलंय, खुनाचा प्रयत्न म्हणून, लावू दे. वकील बोलला, गावाने एकच सांगायचं. डायवर टँकरवरून घसरला, कोणी काय बघितलं नाय. सगळ्यांना ते नीट समजाव. आणि विठूला सांग, त्या विपुलशेठचा टँकर पुन्हा दिसला तर शाबूत परत जाता कामा नये. काय करायचं ते त्याला कळेल.

नेहा कशी आहे ते खरं लिही. मीना मुलाखतीला आली आणि नुसती रडून गेली.

कुंडलिक

---

करंजपाडा,
२ सप्टेंबर २०२३

कुंडलिक,

अक्षर आपल्या शाळेच्या रत्नप्रभा बाईंचं आहे. माझा उजवा हात चुलीवर भाजला. मी सांगते आणि त्या लिहितात, माझं बोलणं जरा सुधारून.

तुझा निरोप पोचला. त्यातलं एक काम मला सांगावं लागलं नाही, गावाने तुझ्या आधीच ठरवलं होतं. दुसरं मी करणार नाही. विठूला मी काही सांगणार नाही आणि तूही सांगू नकोस.

नेहा अजून सिव्हिलमध्ये आहे. मांडीची कातडी काढून पावलांना लावली. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पट्टी बदलताना चार जणी धरतात तिला. प्रणयचा उजवा डोळा गेला. डाव्याने त्याला उजेड कळतो, माणूस ओळखू येत नाही. खरं लिही म्हणालास, म्हणून लिहिलं.

आता इकडचं. त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी ओहळाचं पाणी तीन बाटल्यांत भरलं, वर तारीख, वेळ, जागा लिहून सह्या घेतल्या. एक बाटली तपासणीला दिली, एक तलाठ्याच्या पंचनाम्यात लावली, एक आमच्याकडे ठेवली. शाळेची विहीर ओहळालाच लागून, तिला कुलूप घातलं. ग्रामसभेत ठराव झाला. सरपंच खाली बघत होते, पण सही केली. तरी टँकर आणखी दोनदा आला. म्हणून आता शाळेतल्या पोरांच्या आया दोघी-दोघी मोरीपाशी बसतात, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. कोणी दगड मारायचा नाही असं ठरलं आहे. नंबर आणि वेळ वहीत लिहायची, मोबाइलवर फोटो काढायचा, बस.

तालुक्याला पाच खेपा घातल्या तेव्हा शाळेला दिवसाआड पिण्याच्या पाण्याचा टँकर मिळाला. नथू नावाचे म्हातारेसे गृहस्थ तो घेऊन येतात. पोरांच्या बाटल्या स्वतः भरून देतात, सांडू देत नाहीत.

तब्येतीला जप. भांडणात पडू नकोस.

तुझी सुंदराताय

---

तुरुंगातून,
१७ सप्टेंबर २०२३

ताय,

हात भाजला काय? इथे परवा शहापूरकडचा एक नवीन पोरगा आला. तो जेवताना सगळ्यांसमोर बोलला, "तुझ्या बहिणीला फाट्यावर फोडली, माहीत नाय का तुला?" मी त्याच्या तोंडावर ताट मारलं. मग विपुलशेठचे दोघं आहेत इथे, ते पुढे आले. एकाने मागून हात धरले, दुसऱ्याने माझं तोंड भिंतीवर तीन वेळा आपटलं. पुढचे दोन दात गेले. कानात बोलला, "बहिणीला वही बंद करायला सांग."

तू मला खोटं लिहिलंस. कोणाचं ऐकून? त्या बाईंचं? बाटल्या भरून काय होतं? तीन बाटल्या पाणी घेऊन कोण कोणाला पकडतो? मला एक टँकर थांबवायला पाच मिनिटं लागली. तुमची वही महिनाभर चाललीय आणि तुझा हात मोडला.

तू नाय सांगणार विठूला, तर नको सांगू. मी माझ्या वाटेने निरोप धाडलाय.

कुंडलिक

---

करंजपाडा,
८ ऑक्टोबर २०२३

कुंडलिक,

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर कसं पण आलं तरी वाच. हे बाईंनी लिहायचं पत्र नाय आणि पोस्टाने जायचं पण नाय.

आधी माझं. ऑगस्टच्या शेवटी शेणव्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होते. पिशवीत तिसरी बाटली आणि वहीची झेरॉक्स. भर दुपार. जीपमधून तिघं उतरले. एकाने नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने चाक खोलायची लोखंडी टॉमी काढली आणि माझा हात स्टॉपच्या कट्ट्यावर ठेवून मारली. मनगट गेलं, दोन बोटं गेली. दुसऱ्याने बाटली उघडून माझ्या पुढ्यात ओतली. समोर टपरीवर सात-आठ माणसं चहा पीत होती, कोणी उठलं नाय. तुला लिहिलं नाय, कारण तू वाचून काय करशील ते मला ठाऊक होतं. आणि तेच झालं.

तुझा निरोप विठूला पोचला. परवा सकाळी शाळा भरायच्या टायमाला तो तिघांना घेऊन मोरीच्या वरच्या वळणावर बसला. रिमझिम होती. टँकर वळणावर आला तशी त्यांनी दगडाने काच फोडली आणि पेट्रोलच्या पेटत्या बाटल्या केबिनमध्ये टाकल्या. पहाऱ्यावरच्या आपल्या बायका ओरडत होत्या, "अरे पाण्याचा हाय! शाळेचा हाय रे!" तोवर झालं होतं.

नथूमामा होते आत. ते पेटलेले खाली पडले, उठले आणि ओहळाकडे धावले. आम्ही चौघींनी त्यांना धरला. कुंडलिक, पेटलेला माणूस पाण्याकडे धावतोय आणि आमी त्याला पाण्यात जाऊ देत नाय, कारण त्या पाण्यात काय आहे ते आमाला माहीत. ते माझ्या मोडक्या हाताला धरून ओढत होते. ओल्या गोणपाटांनी विझवला. त्यांची पाठ गोणपाटाला चिकटून आली. पोरं रिकाम्या बाटल्या घेऊन व्हरांड्यात उभी होती, सगळ्यांनी बघितलं.

आज सकाळी गेले. कसाऱ्याला त्यांची म्हातारी एकटी आहे.

विठूला काल धरला. पाण्याचा टँकर बंद झाला. गेले दोन दिवस पोरं घरून जेवून येतात, कारण शिजवायला पाणी नाय.

तू विचारलंस, बाटल्या भरून काय होतं. बाटलीने नथूमामा मेले नाय.

सुंदरा

---

तुरुंगातून,
२५ ऑक्टोबर २०२३

ताय,

पत्र मिळालं. विठूला पण इथेच आणलाय, बाजूच्या बरॅकला. जाळीपलीकडून बघतो आणि मान फिरवतो.

त्या म्हातारीकडे कोणी गेलं का? तू जा. माझं नाव सांगू नको. नाय, सांग.

मी काय करू ते तूच सांग.

कुंडलिक

---

करंजपाडा,
२६ नोव्हेंबर २०२३

कुंडलिक,

नथूमामांच्या घरी जाऊन आले. निरोप कोणी धाडला ते सांगितलं. म्हातारीने ऐकलं, उठली आणि आतून कडी लावली. तासभर पायरीवर बसून परत आले.

काय करू विचारलंस. आता एक गोष्ट समोर आली आहे, ती जशी आहे तशी लिहिते.

मागच्या सोमवारी मी आणि बाई मुरबाडला गेलो. तू ज्याला मारलंस तो बाळाराम मुरबाडच्या पुढे राहतो. त्याचा डावा पाय गुडघ्यापासून काढला. मेव्हण्याच्या पंक्चरच्या दुकानात ट्यूब घासत बसला होता, कुबड्या भिंतीला. मी नाव सांगितलं. त्याची बायको भिमी पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती तशीच आत परत गेली.

"माफी मागायला आलीस?" तो बोलला.

"नाय. टँकर कुठे भरायचे ते विचारायला आले."

तो हसला. मग बोलला, "मी हॉस्पिटलात असताना शेठने पोलिसांना सांगितलं, हा माणूस माझा नाय, गाडी चोरून नेली होती याने. सहा वर्षं चालवली त्याची गाडी." 

मी विचारलं, "टाकीत काय होतं माहीत होतं?"

"वास यायचा. शेठ बोलायचा, साबणाचं पाणी आहे. मी खरं मानलं. मला मानायचंच होतं ना." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "पोरं पाण्यात कशाला होती? मी वरून बघितलं होतं, खाली कोण नव्हतं."

हे मी तुला आजवर लिहिलं नाय. त्याला सांगितलं, आता तुला सांगते. शाळेची टाकी रिकामी होती. विहिरीवरून दहा खेपा मारायचा मला कंटाळा आला. मीच पोरांना बोलले, जा, ताटं ओहळावर धुऊन आणा. नेहा जात नव्हती, बोलली पाण्याला वास येतोय आत्या. मी तिला ढकललं.

भिमीने मग पाणी आणून दिलं.

निघताना त्याने सांगितलं, "मी सगळं सांगतो. कुठल्या गेटातून भरायचो, कुठल्या कुठल्या ओहळात सोडायचो, शेठ फोनवर काय बोलायचा. पण तुमचा गाव पोलिसांना सांगतो का मी घसरलो. माझा पाय नाय, आणि अख्खा गाव सांगतो घसरला. तुझ्या भावाने कोर्टात उभं राहायचं आणि बोलायचं, मी तोडला. तो बोलला का दुसऱ्या दिवशी मी बोलतो."

मी बोलले, गाव पाहिजे तर बयान बदलेल. तो बोलला, "गाव नको. तो."

सरकारी वकीलही हेच सांगतात. पायाबद्दल गावाने त्याला खोटं पाडलं, तर टँकरबद्दल त्याचं कोण खरं मानणार? आणि तुझा वकील सांगतो, तोंड बंद ठेवलंस तर बाळारामशिवाय साक्षीदार कोणी नाय, वर्षभरात बाहेर येशील. मीनाला तेच पाहिजे. ती माझ्याशी भांडली, तिचं चुकलं असं मी बोलणार नाय. नेहाला बाप पाहिजे.

मी तुला काय करायचं ते सांगत नाय. तुझी पोर आहे, तुझी वर्षं आहेत.

सुंदराताय

---

तुरुंगातून,
१९ जानेवारी २०२४

ताय,

काल कोर्टात नेलं. तू मागे बसली होतीस पण तुला नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून लिहितो.

जजसाहेबांनी वाचून दाखवलं आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का? वकिलाने आधीच पढवलं होतं, नाय बोल. मी बोललो, "कबूल आहे साहेब. फावड्याने मी मारलं. तो घसरला नाय." वकिलाने माझी बाही ओढली. साहेब बोलले, कोणी दबाव टाकलाय का, नीट विचार कर, दुपारनंतर परत विचारतो. दुपारपर्यंत मला खाली बसवलं. त्या वेळात एकदा वाटलं फिरवावं. नेहा चौदाची होईल, पंधराची होईल, हेच डोक्यात. परत उभं केलं. परत तेच बोललो. आणि हे पण बोललो, का गाडी पेटवायचा निरोप विठूला मी धाडला होता. साहेब बोलले, तो वेगळा गुन्हा आहे, त्याचं वेगळं होईल. लिहून घेतलं.

बाळाराम कुबड्यांवर दाराशी उभा होता. मला नेताना त्याच्या बाजूनेच नेलं. मी बघितलं खाली. पँट दुमडून पिन लावलेली. तो बोलला, "उद्या मी जातो."

मीना बाहेर किंचाळत होती ते मला व्हॅनमध्ये ऐकू येत होतं. तिला तू सांभाळ. ऐकणार नाय, तरी.

विपुलशेठच्या त्या दोघांनी आज सकाळी मला संडासात गाठलं. जास्त लागलं नाय. बरगडी दुखते. तुला खोटं लिहायचं नाय म्हणून लिहिलं.

कुंडलिक

---

करंजपाडा,
१० मार्च २०२४

कुंडलिक,

तुला सात वर्षांची शिक्षा झाल्याचं कळलं. विठूची आणि तुझी दुसरी केस पुढे चालेल.

बाळाराम बोलला तसा गेला. दोन दिवस त्याचा जबाब चालला. त्याने सांगितलेले शेठच्या गाड्यांचे नंबर आणि पोरांच्या आयांच्या वहीतले नंबर समोरासमोर ठेवले, एकोणीस नोंदी जुळल्या. विपुलशेठ पळाला होता, त्याला धरून आणला. गाड्या जप्त आहेत. जिथून माल भरायचे त्या गेटाला सील आहे. तपासणीचा कागद आला. ओहळाची माती दोन हात खोल उकरून न्यायची आहे, ते काम चालू झालंय. शाळेला वरच्या अंगाला बोअर मारून दिली. विहिरीचं कुलूप तसंच आहे, अजून किती वर्षं राहील कोणी सांगत नाय. मी परत शिजवते. कालथा डाव्या हाताने धरते.

मीना माझ्याशी बोलत नाय. तिच्या लेखी तुला मी आत टाकलं. माहेरी डोळखांबला गेलीय, रविवारी येते. नेहा शाळेसाठी माझ्यापाशी आहे. चालते. पळायला गेली का तोल जातो.

एक गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम हे पत्र. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत पोरं खेळत होती. एकाच्या हातात काठी. तो कुंडलिककाका. दुसऱ्याला आडवा पाडायचं आणि पायावर मारायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. नेहाला पळता येत नाय, म्हणून तिला डायवर केलं होतं. मी बघितलं तेव्हा ती जमिनीवर पडली होती आणि काठी तिच्या पट्टीवर पडत होती. ती हसत होती. रत्नप्रभा बाईंनी काठी मोडली, पोरांना वर्गात बसवलं. नुसतं रागावून भागणार नाय, त्या बोलल्या. रोज एक तास पोरांशी त्या दिवसाबद्दल बोलतात. कोण रडतं, प्रणयला दिसत नाय, तरी तो चित्र काढायला मागतो.

घरी आल्यावर नेहाने मला विचारलं, "आत्या, खरा डायवर ओरडला होता का? खेळात कसं ओरडायचं ते कोणाला माहीत नाय."

मी तिथे नव्हते. मी तिला बोलले, पप्पांना विचारते.

सुंदराताय

---

तुरुंगातून,
२० मार्च २०२४

नेहा,

आत्याने तुझा प्रश्न कळवला. तू अकरा वर्षांची आहेस, हे तुला लिहावं का नाय यावर मी आठ दिवस घालवले.

हो, ओरडला. पहिला फटका बसल्यावर "दादा, दादा" बोलला. मग आईला हाक मारली. मग नुसता आवाज. मला सगळं ऐकू येत होतं. कोर्टात हे कोणी विचारलं नाय, मी पण सांगितलं नाय. तू पण खाली तशीच ओरडत होतीस, आणि मला वाटलं, याचा आवाज बंद केला तर तुझा पण होईल. म्हणून अजून जोरात मारलं. तुझा बंद झाला नाय.

त्याचं नाव बाळाराम आहे. त्याला डायवर बोलू नका.

परत कोणी तो खेळ मांडला तर हे पत्र सगळ्यांसमोर वाच. पहिल्या ओळीपासून वाच. मध्ये रडू आलं तर थांब, पाणी पी, मग पुढचं वाच.

पप्पा